यलरच्या कुंपणापलीकडची माणसं

प्रति,
डिस्ने कंपनीच्या जुन्या चित्रपटांचा वारसा सांभाळणारे सर्वजण,



परवा मुलीला शेजारी घेऊन तुमचा १९५७चा 'ओल्ड यलर' पुन्हा पाहिला. पिसाळलेल्या लांडग्याशी झुंजून घरच्यांना वाचवणारा कुत्रा स्वतःच पिसाळतो आणि पोरसवदा ट्रॅव्हिसला त्याच्यावर बंदूक रोखावी लागते, तिथे आम्ही दोघी रडलो. डोळे पुसून झाल्यावर तिने विचारलं, "आई, ट्रॅव्हिसचे बाबा गुरं घेऊन गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर कोण कोण होतं गं?"

त्या प्रश्नापायी हे पत्र.

चित्रपटाची गोष्ट १८६०च्या दशकाच्या अखेरीस टेक्ससमध्ये घडते. तेव्हा कळप हाकत कॅन्ससकडे निघणाऱ्या गुराख्यांत साधारण चारांतला एक कृष्णवर्णीय असे, असा अनेक इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांतले कित्येक थोड्याच वर्षांपूर्वी गुलाम होते. टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनला मुक्तीचा हुकूम जाहीर झाला तो १९ जून १८६५ रोजी. गुलामगिरीत जन्मलेले बोस इकार्ड असेच एक गुराखी. ते गेल्यावर त्यांना कामावर ठेवणारे पशुपालक चार्ल्स गुडनाइट यांनी त्यांच्या कबरीवर स्वतः दगड उभारला. घोड्यावरून दोर टाकून जनावर धरायची विद्या आली मेक्सिकन गुराख्यांकडून, म्हणजे 'वाकेरों'कडून. 'रँच' हा शब्दसुद्धा स्पॅनिश 'रांचो'चा. आणि टेक्ससच्या टेकड्यांवर आधीपासून वावर होता तिथल्या मूळ निवासी कोमांचींचा.

तुमच्या पडद्यावर ट्रॅव्हिसचं कोट्स कुटुंब गोरं, शेजारी गोरे, कुत्र्याचा शोध घेत आलेला मालकही गोरा.

काही जुन्या चित्रपटांना तुम्ही अवमानकारक चित्रणाबद्दल सूचना जोडली. 'ओल्ड यलर'मधली आई आणि दोन्ही मुलगे साकारणारे कलाकार 'स्विस फॅमिली रॉबिन्सन'मध्येही आहेत. त्या चित्रपटालाही अशी सूचना जोडली गेली. पण ती वाईट दाखवलेल्यांपुरती. ज्यांना दाखवलंच नाही, त्यांची दखल कुठे घ्यायची?

कृपा करून एकही दृश्य कापू नका. नवरा परगावी असताना सगळा संसार पेलणारी ट्रॅव्हिसची आई केटी मला तशीच हवी आहे. २०१९मध्ये हा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत गेला. देशाचा ठेवा म्हणून तो जपायचा, तर त्याच्या कडेला राहिलेली माणसंही जपावी लागतील. माझी मागणी एवढीच: चित्रपटाला जोडून दहा मिनिटांचा माहितीपट करा आणि तो कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाच्या व कोमांची अभ्यासकांच्या तोंडून ऐकवा.

हे तुम्हाला अवघड नाही. २०२२चा 'प्रे' तुमच्याच समूहाने कोमांची भाषेतही उपलब्ध केला. त्यात नारू ही कोमांची मुलगी आहे आणि तिच्या पायाशी तिचा कुत्रा सारी आहे. कुत्र्यावर जीव टाकणारी पोरं कुंपणाच्या दोन्ही बाजूंना होती, हे तुम्ही एकदा दाखवलं आहे.

माझ्या मुलीला मी बोस इकार्डांचं नाव सांगितलं. हा चित्रपट पाहणाऱ्या पुढच्या मुलाला ते तुमच्याकडून कळावं.

आपली,
एक चित्रपटप्रेमी आई