शरीराचा हप्ता कोण भरणार?

बहारीनमधल्या आपल्या मंडळींना ग्रॅच्युइटीचा हिशेब तोंडपाठ असतो. मार्च २०२४ पासून खासगी नोकरीतल्या परदेशी माणसाची ही रक्कम मालकाने दरमहा सामाजिक विमा संस्थेकडे भरायची असते. पहिली तीन वर्षे पगाराच्या ४.२ टक्के, पुढे ८.४ टक्के. शरीराचा हप्ता मात्र ज्याचा त्यानेच भरायचा. त्यासाठी सायकलीइतकी स्वस्त सोय दुसरी नाही, असे माझे ठाम मत आहे.

मआमीरसारख्या कारखान्यांच्या वस्तीत राहून सायकल चालवायची कुठे, असे कोणी विचारील. गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी आम्ही तिघे पहाटे मआमीरहून निघालो. ईसा टाउन मागे टाकून बुदैया रस्ता धरला, दिराजवरून बुदैयाला पोहोचलो आणि जनबिया, हमालामार्गे परतलो. दिवसभरात पन्नासेक किलोमीटर झाले. वाटेत खजुरीच्या बागा, लसूणघासाचे हिरवे तुकडे, टोमॅटोचे वाफे. या भागात पूर्वी गोड्या पाण्याचे झरे वाहत. उपसा वाढत गेला आणि झरे आटले. भरणा न करता नुसतीच उचल केली की असेच होते; शरीराचा न्याय वेगळा नाही.

जमीन सपाट असल्याने चढ नाही, पण वायव्येचा 'शमाल' वारा चढासारखाच दमवतो. म्हणून जाताना तो समोरून घ्यावा. थकल्यावर परतताना पाठीशी राहतो. दर तासाला अर्धा लिटर तरी पाणी, सोबत खजूर आणि दशम्या पुरतात.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली. आपल्याला तेवढे करायचे नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर आपल्या लोकांना मधुमेहाचा धोका अधिक. मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. नोव्हेंबर ते मार्च हाच हंगाम. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावरच्या कामाला इथे कायद्यानेच बंदी असते.

महागड्या सायकलीचा हट्ट नको. जुनी चालेल, पण हेल्मेट आणि मागचा लाल दिवा हवाच. आणि एक विनंती. आपण हौसेने सायकल चालवतो. औद्योगिक भागातले कितीतरी कामगार पोटासाठी अंधारात, दिव्याविना चालवतात. घरात कमावता तो एकटाच असतो. एका जेवणाच्या खर्चात दिवा येतो. मंडळाने यंदा एका कार्यक्रमाचा खर्च थोडा आवरून असे दिवे वाटावेत. याहून चांगली विमा पॉलिसी मला तरी ठाऊक नाही.