थांबायची जागा

‘मोबाईल काढून घ्या, पोरं आपोआप सुधारतील,’ हे हल्ली पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, एसटीत कुठेही ऐकू येतं. बोलणाऱ्यांची काळजी खरी आहे. धबधब्याच्या कड्यावर, धावत्या लोकलच्या दारात रील करताना पोरं जिवाला मुकली आहेत. पण काळजी खरी म्हणून उपाय बरोबर ठरत नाही.

बंदी आपण अनुभवली आहे. २९ जून २०२० रोजी टिकटॉक बंद झालं. कारण देशाच्या सुरक्षेचं होतं, तरी ‘बरं झालं, पोरं सुटली’ असं म्हणणारे घरोघरी होते. जुलैतच इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणली, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स. सवय जिथल्या तिथे राहिली. बुडाली ती खेड्यापाड्यांतल्या पोरांनी मेहनतीने जमवलेली ओळख.

दुसरा आक्षेप असा, की व्हिडिओंनी पोरं उथळ होतात. इथे बघणं आणि करणं यांची गल्लत होते. माझी भाची दहावीत आहे. मागच्या उन्हाळ्यात तिने आजीच्या कुरडयांचा व्हिडिओ केला. पहिल्या दिवशी चिकाच्या वाफेने कॅमेरा धुरकटला, आणि गच्चीवर जाईपर्यंत ऊन इतकं चढलं की सोऱ्यातून पडणारी तार नुसती पांढरीफटक दिसली. दुसऱ्या दिवशी ती सातलाच गच्चीवर होती. त्याआधी चुलीपाशी तिने विचारलं, ‘आजी, चीक शिजला हे तुला कळतं कशावरून?’ आमच्या घरात हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणी विचारलाच नव्हता. आजीने बोट ओलं करून चिकावर टेकवलं आणि चिकटत नाही हे दाखवलं. दीड मिनिटाच्या व्हिडिओसाठी दोन सकाळी गेल्या. याला उथळपणा म्हणणं मला मान्य नाही.

याच भाचीला रात्री साडेअकराला पांघरुणात मोबाईल घेतलेलं मी पाहिलं आहे. काय बघत होतीस म्हटलं, तर शेवटचे तीन व्हिडिओही तिला सांगता येईनात. मुलगी तीच, फोनही तोच. पण बघणाऱ्यासाठी ती यंत्रणाच अशी बांधली आहे, की कशावर नजर किती वेळ रेंगाळली याची नोंद होते आणि त्यावरून पुढचं ताट वाढलं जातं. पुस्तकाचं प्रकरण संपतं, सिनेमा सुटतो. इथे काही संपतच नाही.

म्हणून माझा आग्रह थांबायच्या जागेसाठी आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातीच ठेवू द्यायची नाहीत असं केलं. त्यात कुरडयांचा व्हिडिओ टाकणारी मुलगीही बाहेर राहते. त्यापेक्षा अल्पवयीनांच्या खात्यांवर न संपणारी रांग बंद करायला कंपन्यांना भाग पाडा.

घरात काय करायचं, ते सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावने दाखवलं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठरवलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. भोंगा मोठ्यांनाही लागू, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. मालिका बघत बसलेल्या आईने ‘फोन ठेव’ म्हटलं की पोराला ती शिक्षा वाटते. सगळ्यांनीच ठेवला की ती घराची रीत होते.

आमच्याकडे नऊला सगळ्यांचे फोन फडताळात जातात, माझाही. भाचीचा पुढचा व्हिडिओ सांडग्यांचा आहे. कोहळा आणायला ती स्वतः मंडईत गेली.