परक्या चुलीवरची भोगी

सहल ठरली कीं पुरुषमंडळी मोटारींतील जागा मोजतात, मुलें दुर्बिणीवरून भांडतात, आणि गृहिणी मनांतल्या मनांत पोह्यांचा हिशेब करूं लागते. हल्लीं दोन-चार दिवसांकरितां सबंध घरच भाड्यानें घेण्याची चाल पडली आहे. वृद्धांचें पथ्य संभाळतें, खर्चही बेताचा होतो. हें सारें आम्हांस मान्य आहे. परंतु चूल आली तेथें चुलीपुढें उभी राहणारीही आलीच, हें भाडें ठरवितांना कोणी बोलत नाहीं. आमच्या थोरल्या वहिनी तीन हिवाळे भिगवणला गेल्या, आणि तिन्ही वेळां रोहित पक्षी न पाहतां परतल्या. नावा सुटतात सकाळीं, आणि नेमका त्याच वेळीं दहा माणसांचा फराळ व्हावयाचा असे!

भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें, आणि इंदापूर तालुक्यांतील नदीकांठचीं कित्येक गांवें व शेतें पाण्याखालीं गेलीं. भिगवण-कुंभारगांवच्या बाजूस त्या उथळ फुगवट्यावर हिवाळ्यांत रोहित, पट्टकादंब आणि नाना जातींचीं बदकें उतरतात. तेथील मासेमारी करणारीं माणसेंच प्रवाशांना नावेंतून फिरवितात. यंदा आमचें जाणें भोगीला धरून, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवसास धरून झालें. परगांवीं भोगी कशी व्हावी, अशी आम्ही शंका काढतांच मातोश्री म्हणाल्या, "भोगी होईल. पण आधीं थोरलीला पक्षी दाखवा, मग तिळाच्या भाकरी मागा." यावर उत्तर नव्हतें.

वाट थोडी वाकडी करून आम्ही मोरोपंतांच्या बारामतीस बाजार केला. पावटे, सोलाणे, भुईमुगाच्या ओल्या शेंगा, गाजरें, वांगीं, बोरें आणि तीळ घेतले. बाजरी मात्र गिरणीवर समोर उभे राहून दळून घेतली. या धान्यांत स्निग्धांश बराच. दळल्यावर तो लवकर बिघडतो आणि पीठ कडू होतें. पुण्याहून आठ दिवसांचें पीठ डब्यांत घालून नेणाऱ्यांनीं भाकरीस नांवें ठेवूं नयेत.

घर नवें आणि टापटिपीचें होतें. चहाचे पेले अठरा. परात एकही नाहीं! तवा होता तो न चिकटणाऱ्या लेपाचा. भाकरीस तवा चांगला तापावा लागतो, आणि असला लेप फार तापविणें बरें नव्हे. सुदैवानें मातोश्रींनीं घरचा लोखंडी तवा वर्तमानपत्रांत गुंडाळून आपल्या पायांशीं ठेवला होता. वाटेंत आम्ही त्या गांठोड्यास हंसलों होतों, हें येथें कबूल केलेलें बरें.

रात्रीं सर्वांनीं मिळून शेंगा सोलल्या. सकाळीं फराळास दूध-केळीं, आणि घरास कुलूप. अकराच्या सुमारास परत आल्यावर वहिनींस अंगणांत खुर्ची दिली आणि आम्ही बंधुद्वय व पुतण्या कामास लागलों. भाजी फारशी अडली नाहीं. पावटे, सोलाणे व शेंगदाणे आधीं शिजवावे, मग गाजर-वांगीं, आणि बोरें शेवटीं. वर चिंच, गूळ आणि भाजल्या तिळांचें कूट सढळ हातानें घालावें. तिळांत वजनाच्या निम्म्याच्या सुमारास तेल असतें. कांदा-लसूण नसूनही रसास अंग येतें तें त्यामुळें. मुगाच्या डाळीची खिचडी पुतण्यानें केली, ती अंमळ पातळ झाली.

खरी परीक्षा भाकरीची. बाजरीच्या पिठास गव्हासारखा ताण नाहीं, म्हणून कढत पाण्यांत एका वेळीं एका भाकरीपुरतेंच पीठ घेऊन तळहातानें चांगलें मळावें लागतें. दीड किलो पीठ एकदम भिजविण्याची आमची युक्ति मातोश्रींनीं वेळींच हाणून पाडली. परातीऐवजीं मोठें ताट घेतलें, तें सरकूं लागलें. खालीं ओलें फडकें घातल्यावर स्थिर झालें. पहिली भाकरी उचलतांनाच फाटली, दुसरी तव्यावर दुमडली. तिसरीवर पाणी फिरविलें, पण तें सुकण्यापूर्वीं उलटावयाचें राहिलें आणि तिला भेगा पडल्या. पांचवी फुगली तेव्हां मुलांनीं टाळ्या पिटल्या. एवढ्या वेळांत हाताचें पिठाशीं जमलें होतें, पाठीचें ओट्याशीं मात्र मुळींच जमेना. हा ओटा कोणत्या उंचीच्या माणसासाठीं बांधला असेल, असें आम्हीं त्राग्यानें म्हटलें. वहिनी बाहेरूनच म्हणाल्या, "भावजी, आपल्या घरचाही एवढाच आहे."

एक वाजून गेल्यावर पानें मांडलीं. वहिनींस प्रथम वाढलें. भेगाळलेली तिसरी भाकरी त्यांनींच आपल्या पानांत मागून घेतली आणि तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवला. मातोश्रींनीं विचारलें, "पक्षी कसे दिसले ग?"

"पुष्कळ होते," वहिनी म्हणाल्या. "गुलाबी पंख, उंच पाय. मान खालीं घालून चोंच उलटी करून जेवतात, आणि सगळे एका पंगतीला. वाढायला म्हणून कोणी मागें राहिलेला दिसला नाहीं." आणि त्यांनीं पुतण्याकडे आणखी भाजी मागितली.