राजूरला उतरा

पावसाळ्यातल्या कुठल्याही शनिवारी मध्यरात्र उलटली की मुंबई-पुण्याहून निघालेल्या ट्रेकच्या गाड्या अकोले तालुक्यात शिरतात. मुंबईच्या घोटीवरून येतात, पुण्याच्या ओतूर-कोतूळवरून किंवा संगमनेरवरून. कुणाला बारी गाठून कळसूबाई चढायची असते, कुणाला पाचनईहून हरिश्चंद्रगड, कुणाला साम्रदची सांदण घळ. या सगळ्या वाटांच्या मधोमध राजूर आहे. मुंबईहून बारीला जाणारी गाडी तर राजूरपर्यंत पोचतही नाही. ज्या गाड्या राजूरवरून जातात, त्यांतली माणसं त्या वेळी गाढ झोपेत असतात. रविवारी संध्याकाळी परतताना खिडकीतून बाजारपेठ दिसते, एसटी स्टँड दिसतं आणि दोन मिनिटांत मागं पडतं.

सह्याद्रीवर जीव असलेल्या माणसांनी ही सवय मोडायला हवी. डोंगर पाहायचा तर त्याच्या पायथ्याचं गाव आधी पाहावं लागतं, निदान एक रात्र तिथं काढावी लागते. गेली कित्येक वर्षं या भागात फिरताना माझं हे मत पक्कं होत गेलं आहे.

राजूरच्या आसपास काय आहे ते एकदा ध्यानात घ्या. 1646 मीटर उंचीचं कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर. कोकणकड्याचा हरिश्चंद्रगड, जिथल्या केदारेश्वराच्या गुहेत कंबरभर गार पाण्यात पिंड आहे आणि चार खांबांपैकी एकच शाबूत उभा आहे. प्रवरेचा उगम असलेला रतनगड आणि त्याच्या पायथ्याला रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ. 1910 ते 1926 या काळात बांधलेलं भंडारदऱ्याचं धरण. 1986 साली जाहीर झालेल्या इथल्या अभयारण्याला कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड या दोघांचंच नाव आहे. सह्याद्रीत इतकं सगळं हाकेच्या अंतरावर असलेलं दुसरं बाजाराचं गाव मला तरी माहीत नाही.

आठवडे बाजाराच्या सकाळी राजूरला थांबून बघा. आजूबाजूच्या वाड्यांवरून महादेव कोळी आणि ठाकर बायाबापड्या जीपमधून, एसटीतून उतरतात. पावसाळ्याच्या तोंडावर दुकानांसमोर मेणकापडाचे तागे, गमबूट, विळे, नायलॉनचे दोर मांडलेले असतात. हंगामात गेलात तर हिरडा दिसेल. जंगलातून वेचून वाळवलेला बाळहिरडा गोणीत भरून आणलेला असतो. व्यापारी मूठभर उचलतो, हातात खुळखुळवून त्याचा वाळलेपणा ऐकतो आणि भाव सांगतो. समोरची मावशी तो भाव ऐकून गोणीचं तोंड पुन्हा बांधायला घेते, तेव्हा कुठं तो थोडा वर सरकतो. त्या घरातल्या पोरांच्या वह्या-पुस्तकांचा, किराण्याचा मेळ या गोणीवर बसायचा असतो. ज्या झाडाखाली आपण ट्रेकमध्ये सावलीला टेकतो, त्या झाडाची किंमत इथं कळते. राजूरला डांगी जनावरांचं मोठं प्रदर्शनही भरतं. तेलकट कातडीचं, टणक खुरांचं हे जनावर धो धो पावसात, भातखाचरातल्या चिखलात दिवसभर उभं राहतं. या डोंगरात पाऊस काय चीज आहे, ते डांगी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला की समजतं.

आता आपण या गावाला काय देतो ते बघू. गाडी शहरातली, चालक शहरातला, सोबत आलेले ट्रेक लीडरही बहुतेक शहरातले. पोह्यांपासून पाण्याच्या बाटल्यांपर्यंत सगळं शहरातूनच भरलेलं. इथं उतरतात त्या रिकाम्या बाटल्या आणि रात्री दोन वाजताचा गोंगाट. बारीच्या माणसांना शनिवारी झोप लागत नाही. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर पहाटे रांग लागते. ओल्या पायऱ्यांवर रात्रभर जागलेली माणसं एकमेकांना खेटून उभी असतात आणि वर सूर्योदयाच्या जागी ढग असतो.

इथली जुनी माणसं कळसूची गोष्ट सांगतात. कळसू कुणाच्या घरी कामाला राहिली ती एका अटीवर: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस घरात पाहुण्यांची गर्दी झाली आणि तिला भांडी घासायला बसवलं. तिनं भांडी घासली, पण तिथून उठून ती थेट डोंगरावर गेली आणि परत खाली आली नाही. जिथं तिनं भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. नवरात्रात पंचक्रोशीतली माणसं तिच्या दर्शनाला शिखरावर जातात. पाहुण्यांचं उष्टं काढायला नकार देणाऱ्या मुलीच्या डोंगरावर पाहुण्यांनी वेफर्सची पाकिटं टाकून यावीत, याचा मला मनापासून राग येतो.

काजव्यांचं तेच झालं आहे. मेच्या अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं काजव्यांनी पेटतात. नर काजवा मादीला हाक घालतो ती उजेडाच्या भाषेत. त्या झाडासमोर शंभर गाड्यांचे दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या लागल्या की ती हाक बुडते, आणि हाक बुडाली की पुढच्या वर्षीचे काजवे कमी. याच तालुक्यातल्या पुरुषवाडीनं वेगळी वाट धरली. पाहुणा गावात राहतो, कुणाच्या तरी घरी जेवतो, गावचं माणूस त्याला चालत काजव्यांपाशी नेतं. पैसा गावात राहतो, म्हणून झाड राखायला गावाला कारण मिळतं.

मुक्काम करा म्हटलं की पहिला आक्षेप येतो तो वेळेचा. नोकरदार माणसाला दोनच दिवस मिळतात, त्यात मुक्काम कसा बसवायचा? बसतो. शुक्रवारी संध्याकाळी निघून रात्री राजूरला किंवा पायथ्याच्या गावात पोचा, नीट झोपा, उजाडता चढायला लागा. दुपारी तुम्ही खाली असता. चढाई तितकीच होते, फक्त ती डोळे उघडे ठेवून होते. सुरक्षितता म्हणाल तर हजार हिशेबांनी हेच बरं. रात्रभर गाडी हाकलेला चालक परतीच्या घाटात कसा असतो, हे नियमित ट्रेक करणाऱ्यांना सांगायला नको.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: राजूरचं लोणावळा होईल. ही भीती खरी आहे. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबूंची गर्दी आणि स्पीकरचा धिंगाणा ज्यांनी वर्षअखेरीला ऐकला आहे, त्यांना ती पटेल. पण हे सगळं लोक मुक्कामाला राहतात म्हणून होतं असं मला वाटत नाही. गावाला विचारल्याशिवाय, गावाच्या दराशिवाय आणि गावच्या माणसाशिवाय मुक्काम होतो, तिथं दुखणं आहे.

फ्रान्समधल्या शामोनीचं उदाहरण इथं उपयोगी पडेल. मों ब्लांच्या पायथ्याचं हे गाव. 1820 साली त्या पर्वतावर हिम कोसळून तीन वाटाडे गेले आणि पुढच्याच वर्षी, 1821 मध्ये, तिथल्या वाटाड्यांनी आपली संघटना बांधली. काम पाळीनं वाटायचं, म्हणजे एकाच्याच घरी सगळा पैसा जाणार नाही. ठरावीक दर. डोंगरात कुणाचं बरंवाईट झालं तर कुटुंबासाठी निधी. ती संघटना आज दोनशे वर्षांनंतरही काम करते आहे. हे करायला गावाला ना धरण लागलं ना रोपवे. पाचनई, बारी, साम्रद, रतनवाडी या गावांत वाट दाखवणारी पोरं आहेतच. त्यांची पाळी, त्यांचा दर, त्यांचा विमा आणि प्रथमोपचाराचं शिक्षण एवढं राजूरच्या एका खोलीतून चालवता येईल. पंचायत समिती, वनविभाग आणि ट्रेकिंग संस्थांनी मिळून मनावर घेतलं तर पुढच्या पावसाळ्याआधी हे सुरू होऊ शकतं.

कारण अपघात झाला की पहिला धावतो तो गावातलाच माणूस. शहरातली बचाव पथकं तळमळीनं येतात, पण त्यांना यायला तास लागतात. मधल्या वेळात पाचनईचा कुणीतरी दोर आणि घोंगडी घेऊन कड्याकडे निघालेला असतो, त्यासाठी त्याला कुणी पगार देत नाही. मागं एकदा गडावरून उतरताना आमच्यासोबतचे गावातले मामा ओढ्याशी थांबले. पाणी घोट्याएवढंच होतं. ते म्हणाले, ‘‘दादा, रंग बघा. मघाशी निवळ होतं, आता लाल आलंय. वर लागलाय.’’ आम्ही दगडावर बसून राहिलो. थोड्याच वेळात तो ओढा मांडीपर्यंत चढला. एवढी नजर कुठल्याही ॲपमध्ये मिळत नाही, आणि एका माणसाच्या दिवसाच्या मजुरीत ती मिळते. सांदणच्या अरुंद घळीत पावसाळ्यात उतरू नका असं गावकरी सांगतात, ते याच नजरेतून.

डोंगराइतकीच इथली माणसंही ओळखायला हवीत. याच मातीतले राघोजी भांगरे. देवगावचे. इंग्रजांविरुद्ध उठले आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात देशी बियाणं जपलं आणि त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या शिवारातून जाताना आपण पिशवीतले शहरातले नूडल्स उकळत बसतो. नागलीची भाकरी, वालाची आमटी आणि इथल्याच तांदळाचा भात गावात मिळतो, फक्त आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं.

या पावसाळ्यात अकोल्याच्या डोंगरात जाणार असाल तर एक रात्र राजूरला किंवा पायथ्याच्या वाडीत काढा. शिधा राजूरच्या बाजारातून घ्या. वाट पाठ असली तरी गावातलं माणूस सोबत घ्या, दर आधी विचारा आणि घासाघीस करू नका. तुमचा ट्रेक एखादी संस्था नेत असेल तर पैसे भरण्याआधी तिला विचारा, की गावात किती पैसे देणार. उत्तर मिळालं नाही तर दुसरी संस्था शोधा.