पाठवले म्हणजे पोचले?

महावितरणच्या ‘गो-ग्रीन’ योजनेत छापील वीजबिल नको म्हणणाऱ्या ग्राहकाला दर बिलामागे 10 रुपये सूट मिळते. छपाई-वाटपाचा खर्च वाचला, त्यातला वाटा ग्राहकाला दिला, सरळ व्यवहार. बाकीच्या बऱ्याच जणांनी कागद बंद करताना फक्त झाडांचे नाव घेतले. काही बँका तर छापील खातेउताऱ्याचे पैसे लावतात. (कंपन्यांना वार्षिक अहवाल भागधारकांकडे ई-मेलने धाडण्याची मुभा केंद्राने 2011 मध्ये दिली, तीही हरित उपक्रम म्हणूनच.)

आता बिले, उतारे, हप्त्यांच्या नोटिसा आपोआप तयार होतात आणि आपोआप रवाना होतात. त्याबद्दल तक्रार नाही. लाखो बिले हाताने कोण धाडत बसणार? तक्रार आहे ती ‘सेंड’ झाले की कंपनी हात झटकते, याबद्दल.

कायदा तिला साथ देतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 13 नुसार, वेगळे काही ठरले नसेल तर, ग्राहकाने नेमून दिलेल्या खात्यात दस्तऐवज शिरला की तो त्याला मिळाला. मग तो स्पॅममध्ये पडो. नोंदवलेला ई-मेल परदेशातल्या मुलाचा असो. किंवा नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मतारीख जुळवता जुळवता सत्तरीतल्या गृहस्थांनी पीडीएफ उघडण्याचा नाद सोडलेला असो. मुदत टळली की विलंब आकार ठरलेला.

न्यायालयाची नजर याहून बारीक होती. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी व्हॉट्सअॅपवरून धाडलेली नोटीस बजावली गेल्याचे मान्य केले. ती नुसती पोचली नव्हती, उघडलीही गेली होती, हे खुणांवरून दिसत होते म्हणून. बिल धाडणाऱ्या यंत्रणेला निदान पहिली अर्धी गोष्ट तरी सहज कळते. पत्ता चुकीचा असेल, खाते भरलेले असेल, तर मेल ‘बाउन्स’ होऊन परत येतो. पण परत आलेले हे मेल बहुधा अशा खात्यात साचतात, जे कोणी उघडत नाही. ‘या मेलला उत्तर देऊ नये’ अशी तळटीप असतेच. पोस्टमन निदान ‘पत्ता सापडत नाही’ असे पाकिटावर लिहून ते परत करत असे, आणि ते पाकीट कुठल्या तरी कारकुनाच्या टेबलावर येत असे.

त्यात 2022 च्या सुमारास ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल’ अशा खोट्या संदेशांनी कित्येकांची खाती रिकामी केली. तेव्हापासून शहाणा माणूस वीजबिलाचा खराखुरा संदेशही बिचकतच उघडतो. त्याला निष्काळजी कसे म्हणायचे?

वीज तोडण्यापूर्वी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी, असे वीज कायदा, 2003 चे कलम 56 सांगते. मग ज्या बिलावरून ती वेळ येते, ते पोचले की नाही हेही पाहायला हवे. तेव्हा नियामकांनी एवढे तरी बंधन घालावे: मेल परत आला, की पुढचे बिल आपोआप छापील निघावे, परत आलेल्या बिलाचा विलंब आकार लागू नये, आणि जिथून बिल येते तिथेच ग्राहकाचे उत्तरही घेतले जावे. लाखो बिले रात्रीतून धाडणाऱ्या संगणकाला हे अवघड नाही.