पाचशे रुपयांचा धाक

दुबार पेरणी उरकून आत्ता बांधावर टेकलोय.

चार एकर सोयाबीन. पाऊस वेळेवर, ओल चांगली. एका एकरात घरचं बी होतं, तिथं तासं भरून दिसतायत. तीन एकरांत कंपनीच्या बॅगा, तिथं निम्मंही उगवलं नाही. टॅगवर मात्र उगवणक्षमता किमान ७० टक्के!

तक्रार केली. पंचनाम्याला कंपनीचा माणूस म्हणतो, "पेरणी खोल गेली असेल." अहो, त्याच दिवशी, त्याच यंत्रानं पेरलेलं घरचं बी कसं वर आलं मग? यावर साहेब गप्प.

आता कायदा बघा. बियाणे कायदा १९६६ चा. पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५०० रुपये. पुन्हा सापडला तर १००० रुपये, सहा महिने कैद किंवा दोन्ही. पुढं पन्नास वर्षं हा आकडा जागचा हलला नाही. पाचशेत आज एक बॅगसुद्धा येत नाही. ही कसली शिक्षा? हा तर कंपनीचा चहापाण्याचा खर्च. तोही दंड सरकारजमा, आपला हंगाम गेला तो गेलाच.

२०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही, तेव्हा औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. म्हणजे कोर्ट हलेल तेव्हाच बाकीचे हलणार का?

कुणी म्हणेल, शेतकऱ्याचीही चूक असते. असते ना! सोयाबीनचं टरफल नाजूक, बॅग आपटली तरी उगवण घटते. पण ते सिद्ध कंपनीनं करावं. बी तिचं, चाचणी तिची, लॉटची नोंद तिच्याकडं. आपल्या हातात रिकामी बॅग.

शेतकरी हा ग्राहक आहे, हे सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्येच सांगितलंय. ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. पण तिकडं पगारी वकील, इकडं अंगावर आलेला हंगाम. तारखा कोण सांभाळणार?

म्हणून मागणी एकच: भरपाई बॅगेची नको, बुडालेल्या पिकाची द्या, आणि ती कंपनीच्या खिशातून.

तोवर पक्की पावती, टॅग, बॅग आणि मूठभर बी जपून ठेवा. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा. आणि तक्रार लेखीच द्या, पोच घेऊन. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.