बर्फावरची गाडी आणि आपला गंभीरगड

परवा उधव्याच्या नाक्यावर चहा पिताना एका पोराने मोबाईल पुढे केला. त्याच्या कंपनीतला मित्र मनालीला गेला होता. सोलंगच्या बर्फात स्नो-स्कूटर पळवतोय, मागे गाणं. पोरगा म्हणाला, "दादा, आपल्याकडे असलं काही नाही. आपण नुसतं बघायचं."

बर्फ नाही हे खरं. पण "असलं काही नाही" हे मला पटलं नाही. म्हणून ही पोस्ट, जरा लांब आहे, वाचा.

आधी त्या गाडीबद्दल. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये बॉम्बार्डिये नावाचा मेकॅनिक होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद. दवाखान्यात नेता आलं नाही, पोर गेलं. पुढे त्याने बर्फावर चालणारी मोठी गाडी बनवली आणि १९५९ मध्ये 'स्की-डू' ही छोटी गाडी बाजारात आणली. आज लोक मजेसाठी चालवतात ती हीच जात. पावसाळ्यात पेशंटला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणणाऱ्या आपल्या पाड्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ही गाडी कुणीही उठून क्लबच्या वाटेवर नेऊ शकत नाही. गावागावांत क्लब आहेत. वाटा तेच आखतात, सदस्य फुकट राबून त्या नीट ठेवतात, वाटेवर जायला परवाना काढावा लागतो. बारा वर्षांच्या पोरालाही चालवता येते, पण आधी कोर्स, मग परीक्षा, मग गाडी. मजा बंद केली नाही, मजेला शिस्त लावली.

आता आपल्याकडे या. पहिला पाऊस पडला की आपली पोरं तिघे-तिघे एका बाईकवर निघतात. कुणी सायवनच्या बाजूने गंभीरगडावर, कुणी खानवेल-दुधनीला, कुणी जव्हारला दाभोसा बघायला. कोण कुठे गेलं, घरी पत्ता नाही. दोर नाही, बॅटरी नाही, पट्टी-औषध नाही. मोबाईल मात्र फुल चार्ज.

जुलै २०२० आठवा. जव्हारजवळच्या काळमांडवी धबधब्यावर पाच तरुण गेले. दोघे सेल्फी काढताना पाण्यात पडले आणि त्यांना वाचवायला उतरलेले बाकीचेही बुडाले, अशी बातमी तेव्हा सगळ्यांनी वाचली. ही पोरं मुंबईची नव्हती, जव्हारचीच होती. म्हणून "आम्हाला काय डोंगर शिकवता, आम्ही इथलेच" असं कुणी म्हटलं की मला काळमांडवी आठवते. वाट माहीत असणं वेगळं, बुडणाऱ्याला बाहेर काढता येणं वेगळं. त्या पोरांची माया कमी पडली नाही. कमी पडलं ते शिक्षण.

शिकायचं तरी किती असतं? आधी हाक मारा, मग काठी पुढे करा, मग दोर टाका. दोराच्या टोकाला झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधला तरी बुडणाऱ्याला आधार होतो. उडी सगळ्यात शेवटी आणि ती शिकलेल्यानेच. दोन दिवसांत हे पोरांच्या अंगात मुरवता येतं.

यावर प्रशासनाचं दरवर्षीचं उत्तर म्हणजे बंदी. धबधब्यावर जाऊ नका, कागद निघतो, दोन पोलीस उभे राहतात. त्यांची चूक नाही, माणसं किती पुरणार? पण बंदी असली की पोरं आडवाटेने जातात, आणि आडवाटेवर मदत आणखी उशिरा पोचते.

दुसरं उत्तर महाराष्ट्रातच आहे. 'गिरिविहार' ही मुंबईची संस्था १९५४ पासून डोंगर शिकवते आहे. पुण्याची 'गिरिप्रेमी' आहे. लोणावळ्याचे 'शिवदुर्ग मित्र' अडकलेल्यांना दरीतून काढतात. आणि "हे शहरातल्यांचं काम" असं म्हणू नका. मे २०१८ मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांतल्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं. आधी कितीतरी महिने त्यांना तयार केलं गेलं, मग शिखर. ताकद आपल्या पोरांत जन्मजात आहे. चैत्रात महालक्ष्मीच्या डोंगरावर रात्री झेंडा घेऊन चढणारा माणूसही आपल्यातलाच.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. उधवा परिसरात एक डोंगर मंडळ व्हावं. क्रिकेटची मंडळं आहेत, दहीहंडीची आहेत, हे का नाही? गडावर जाणाऱ्यांची नावं वहीत लिहायची. एक जाणता पुढे, एक मागे. पावसाआधी दोन दिवसांचं शिबिर, अनुभवी संस्थेच्या माणसांना बोलावून. मुलींनाही घ्यायचं. दोर, शिट्ट्या, प्रथमोपचार पेटी, लाइफ जॅकेट एवढं सामान गणपतीच्या वर्गणीतला छोटा हिस्सा बाजूला काढला तरी उभं राहतं.

यात रोजगारही आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटन धोरण आणलं. त्यात नोंदणी आणि प्रशिक्षित माणसं यांवर भर आहे. उद्या बाहेरचे लोक गंभीरगडावर येणारच. तेव्हा आपला पोरगा त्यांच्या बॅगा उचलणारा असेल की त्यांना वाट दाखवणारा प्रशिक्षित गाइड, हे आज ठरेल.

पोरांना डोंगरापासून तोडू नका. फक्त एकटं सोडू नका.

मंडळासाठी कोण वेळ देईल, कुणी असा कोर्स केलाय का, खाली लिहा. दहा नावं आली तरी या रविवारी नाक्यावर बसू. चहा माझ्याकडून.